देवाच्या बाजूने खोटा पुरावा नको: शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना खुलं पत्र

प्रभूमध्ये प्रिय शिक्षक बंधुभगिनींनो,

सप्रेम सलाम.

मे महिन्याची सुट्टी तोंडावर आली आहे. मंडळ्यामंडळ्यांतून सुट्टीतल्या बायबल शाळेची तयारी सुरू झाली असेल. गाणी बसवली जात असतील, चार्ट रंगवले जात असतील, सुवर्णवचनांच्या पट्ट्या कापल्या जात असतील. याच दिवसांत शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धड्यांबरोबर काही मेसेज हमखास फिरतात. नासाला सापडलेला हरवलेला दिवस. तांबड्या समुद्राच्या तळाशी फारोच्या रथांची चाकं. देवमाशाच्या पोटातून जिवंत निघालेला खलाशी. आणि खाली, विज्ञानानेही मान्य केलं, आमेन म्हणा आणि पुढे पाठवा.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि रविवारी मंडळीच्या शब्बाथ शाळेत मोठ्या मुलांचा वर्ग घेतो. माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे की यंदा हे मेसेज वर्गात नेऊ नका. चमत्कारांच्या गोष्टींवर मुलांना शंका येतात, त्या प्रामाणिक असतात आणि त्यांना प्रामाणिक उत्तरं देता येतात. खोट्या पुराव्याने दिलेलं उत्तर मुलाच्या विश्वासाला शंकेपेक्षा कितीतरी जास्त इजा करतं.

हे मी जवळून पाहिलं आहे. नववीतल्या एका मुलाने शब्बाथ शाळेत ऐकलेली नासाची गोष्ट मोठ्या अभिमानाने शाळेत सांगितली. वर्गमित्राने तिथल्या तिथे मोबाइलवर शोधलं आणि ती थाप असल्याचं सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. मुलगा घरी गप्प राहिला. पुढच्या रविवारी वर्ग सुटल्यावर मागे थांबला आणि मला म्हणाला, "सर, मग बाकीचं पण असंच आहे का?" त्या "बाकीच्यात" प्रभूचं पुनरुत्थानसुद्धा होतं. त्याच्या हातात ज्यांनी ती गोष्ट दिली त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण हेतू चांगला असल्याने खोटं खरं होत नाही.

आधी त्याच गोष्टीचं बघू, कारण ती सगळ्यात जास्त फिरते. अवकाशयानांचं गणित करताना नासाच्या कॉम्प्युटरला काळात एक दिवस कमी पडला म्हणे. शास्त्रज्ञ चक्रावले. मग एकाला लहानपणी ऐकलेली, यहोशवाच्या लढाईत सूर्य आकाशात थांबल्याची बायबलमधली गोष्ट आठवली. हिशोब मांडला तर यहोशवाच्या लढाईत तेवीस तास वीस मिनिटं भरली आणि उरलेली चाळीस मिनिटं हिज्कीया राजाच्या वेळी सावली दहा अंश मागे गेली तेव्हाची निघाली. चोवीस तास पुरे.

ही गोष्ट अमेरिकेत 1960 च्या दशकाच्या अखेरीस हॅरॉल्ड हिल नावाच्या एका व्यावसायिकाच्या भाषणांमधून पसरली. असं काही घडलेलं नाही, हे नासाने स्पष्ट केलेलं आहे. त्याहून बोलकी बाब ही की हाच हिशोब चार्ल्स टॉटन नावाच्या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने 1890 मध्येच छापला होता. तेव्हा नासा नव्हती आणि कॉम्प्युटरही नव्हता. जुन्या गोष्टीला नवा कोट चढवला, एवढंच.

आणि मुलांना हेही समजावून सांगा की असा दिवस कॉम्प्युटरला सापडूच शकत नाही. ग्रहांच्या आजच्या स्थितीवरून मागे मोजत गेलं तर दोन हजार वर्षांपूर्वी चंद्र कुठे असायला हवा होता ते कळतं. मधला दिवस हरवला आहे का हे तपासायचं, तर त्या काळात कोणीतरी डोळ्यांनी पाहून लिहून ठेवलेली वेगळी नोंद हातात हवी. अशा नोंदी आहेत, आणि त्यांच्यावर झालेलं खरं संशोधन त्या थापेपेक्षा कितीतरी सुंदर आहे. इ.स.पू. 136 मध्ये 15 एप्रिलला बाबेलमध्ये, म्हणजे बॅबिलोनमध्ये, खग्रास सूर्यग्रहण दिसलं. तिथल्या ज्योतिष्यांनी ते मातीच्या विटांवर कोरून ठेवलं आणि त्या विटा आजही आहेत. पृथ्वी तेव्हापासून एकाच गतीने फिरत आली असती तर ते ग्रहण बाबेलच्या काही हजार किलोमीटर पश्चिमेला दिसायला हवं होतं. ते बाबेलमध्ये दिसलं, यावरून पृथ्वीचं फिरणं हळूहळू मंदावत आहे हे मोजता आलं. मुख्यतः भरती-ओहोटीच्या ओढीमुळे दिवस शतकाला एक-दोन हजारांश सेकंदाने लांबतो. पण या कामाला उपयोगी पडणाऱ्या नोंदी साधारण इ.स.पू. 720 पर्यंतच मागे जातात. यहोशवा त्याच्याही कित्येक शतकं आधीचा. म्हणजे तिथवर ताडून पाहायला विज्ञानाकडे काहीच नाही. विज्ञानाने यहोशवाची गोष्ट सिद्ध केली म्हणणारा आणि नोंदींवरून खोटी ठरवली म्हणणारा, दोघेही नसलेल्या कागदावर सही करत आहेत.

मग यहोशवाच्या दहाव्या अध्यायाचं काय सांगायचं? मूल विचारेल की पृथ्वी थांबली असती तर आपण फेकले गेलो नसतो का? प्रश्न अगदी बरोबर आहे. ती लढाई जिथे झाली त्या गिबोनच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे 1,400 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे चालली आहे. ती एकदम थांबली तर समुद्र, घरं, माणसं, सगळं उधळेल. हे त्याला सांगा. मग अध्याय उघडून त्याच्यासमोर तेरावं वचन वाचा. तिथे लिहिणाराच सांगतो की हे याशाराच्या ग्रंथात, म्हणजे आज हरवलेल्या एका जुन्या ग्रंथात, लिहिलेलं आहे, आणि सूर्याला उद्देशून म्हटलेल्या त्या ओळी कवितेच्या आहेत. ज्या विश्वासणाऱ्यांनी हा अध्याय अभ्यासला त्यांच्यात एकमत नाही. काही जण म्हणतात, ज्याने पृथ्वी फिरवली तो तिला सांभाळून थांबवूही शकतो. काही म्हणतात, लढाईतली देवाची मदत इथे कवितेच्या भाषेत सांगितली आहे, आणि शत्रूंपैकी पुष्कळ जण गारांनी मेले हे तर गद्यात स्पष्टच लिहिलं आहे. मला दुसरं वाचन पटतं. तुम्हाला पहिलं पटत असेल तर तसं सांगा, पण दुसरंही आहे हे लपवू नका. याच वचनाचा आधार घेऊन पृथ्वी फिरत नाही असा आग्रह धरला गेला आणि गॅलिलिओला 1633 मध्ये गुडघे टेकायला लावले गेले. ती चूक झाली हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1992 मध्ये जाहीरपणे मान्य केलं. साडेतीनशे वर्षं उशीर झाला.

बाकीचे मेसेज थोडक्यात. तांबड्या समुद्रातली चाकं रॉन वायट नावाच्या हौशी शोधकाने सापडल्याचं सांगितलं. ती आज कुठल्याही संग्रहालयात नाहीत आणि कोणाही पुरातत्त्वज्ञाला तपासायला मिळालेली नाहीत. तुर्कस्तानातला जहाजाच्या आकाराचा डोंगर, ज्याचा विमानातून काढलेला फोटो 1959 पासून नोहाचं तारू म्हणून फिरतो, तो भूगर्भशास्त्रज्ञांच्या मते नैसर्गिक खडक आणि मातीचा थर आहे. देवमाशाने गिळलेला जेम्स बार्टली हा खलाशी 1891 मध्ये फॉकलंड बेटांजवळ "स्टार ऑफ द ईस्ट" जहाजावरून पडला असं सांगतात. जहाजाच्या कप्तानाच्या पत्नीने पुढे लेखी कळवलं की पतीच्या त्या जहाजावरच्या काळात एकही माणूस समुद्रात पडून गमावला गेला नाही. एवढं पुरे.

ईयोबाचं पुस्तक आपण वर्गात फारसं शिकवत नाही. त्याच्या तेराव्या अध्यायात ईयोब मित्रांना खडसावून विचारतो की देवाची बाजू घेऊन तुम्ही खोटं बोलणार आहात का? ते मित्र देवाचीच वकिली करत होते. शेवटी देवाचा राग ईयोबावर भडकला नाही, मित्रांवर भडकला. मला हा अध्याय आपल्या बैठकीत मोठ्याने वाचला जावा असं फार वाटतं.

दुसरा एक प्रकार आहे, आणि तो सुशिक्षित शिक्षकांमध्ये जास्त दिसतो. चमत्काराचं नैसर्गिक स्पष्टीकरण शोधून द्यायचं म्हणजे मुलाला पटेल. यातली काही स्पष्टीकरणं खरोखर अभ्यासपूर्ण आहेत. निर्गमाच्या चौदाव्या अध्यायात लिहिलंच आहे की परमेश्वराने रात्रभर पूर्वेचा जोराचा वारा वाहवून समुद्र मागे हटवला. 2010 मध्ये अमेरिकेतल्या कार्ल ड्रूज आणि वेइचिंग हान या संशोधकांनी कॉम्प्युटरवर दाखवलं की नाईलच्या मुखाजवळच्या उथळ सरोवरावर ताशी 100 किलोमीटरचा पूर्वेचा वारा बारा तास वाहिला तर पाणी दोन बाजूंना सरकून तीन-चार किलोमीटर लांबीची वाट साधारण चार तास उघडी राहू शकते. हे मुलांना अवश्य सांगा, त्यांना आवडतं. पण त्या अभ्यासाने काय दाखवलं तेवढंच सांगा. असं होऊ शकतं, इतकंच त्यात आहे. तसं झालं, आणि नेमकं मोशेने हात पुढे केला तेव्हा झालं, हे कुठलाही कॉम्प्युटर सांगत नाही.

रानात इस्राएल लोकांना खायला मिळालेल्या मान्नाचंही असंच. सीनायच्या वाळवंटात झाडांचा रस शोषणारे बारीक किडे गोड चिकट थेंब टाकतात आणि तिथले लोक ते गोळा करून खातात, याची पाहणी जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी 1927 मध्ये केली. त्याच गोष्टीतले लावे पक्षी स्थलांतर करताना समुद्र ओलांडून थकून त्या किनाऱ्यावर उतरतात हेही खरं. पण सहाव्या दिवशी दुप्पट आणि सातव्या दिवशी काहीच नाही, हे कुठला किडा करत नाही. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायाचा जीव शब्बाथाच्या त्या विश्रांतीत आणि "उद्यासाठी साठवू नका" या आज्ञेत आहे. किड्याने तो उलगडत नाही.

आणि काही स्पष्टीकरणं तर मूळ गोष्टीपेक्षा पटायला अवघड असतात. 2006 मध्ये डोरोन नोफ या समुद्रशास्त्रज्ञाने मांडलं की त्या काळच्या थंडीत गालीलच्या समुद्रावर खाऱ्या झऱ्यांजवळ बर्फाचा पातळ थर जमू शकत होता आणि प्रभू येशू कदाचित त्यावरून चालला असेल. गालीलचा समुद्र समुद्रसपाटीच्या दोनशेहून अधिक मीटर खाली, उष्ण खोऱ्यात आहे. आणि ज्यांनी ते पाहिलं ते त्याच पाण्यावर वाढलेले कोळी होते, वादळात होडी वल्हवत होते. त्यांना बर्फ आणि पाणी यांतला फरक कळला नसेल? अशा स्पष्टीकरणाने चमत्कार वाचत नाही आणि विज्ञानही वाचत नाही.

आपल्या पूर्वजांनी हे फार आधी ओळखलं होतं. प्रभू वधस्तंभावर असताना तीन तास अंधार पडला, त्याला थॅलस नावाच्या एका इतिहासकाराने सूर्यग्रहण म्हटलं होतं. तिसऱ्या शतकात ज्युलियस आफ्रिकॅनस या ख्रिस्ती विद्वानाने त्याला हरकत घेतली. प्रभूचं मरण वल्हांडण सणाच्या वेळी झालं, तो सण पौर्णिमेला असतो आणि सूर्यग्रहण फक्त अमावस्येला होतं, तेव्हा हे ग्रहण असूच शकत नाही, असं त्याने लिहिलं. खग्रास ग्रहणाचा पूर्ण अंधार साडेसात मिनिटांवर जात नाही, हेही आपल्याला ठाऊक आहे. मला त्या माणसाबद्दल अतिशय आदर वाटतो. पुरावा त्याच्या बाजूचा होता, बाहेरच्या माणसाचा होता, आयता हातात आला होता. तरी तो चुकीचा आहे हे कळल्यावर त्याने तो घेतला नाही. त्याच्यानंतर दोनएकशे वर्षांनी संत ऑगस्टिननेही बजावलं की आकाश, तारे, प्राणी यांबद्दल ज्या गोष्टी अविश्वासू माणसाला अभ्यासाने नक्की माहीत असतात, त्यांबद्दल ख्रिस्ती माणूस पवित्र शास्त्राच्या नावाने चुकीचं बोलू लागला तर पुनरुत्थानाबद्दल त्याचं म्हणणं कोण ऐकून घेईल?

आता नोहा आणि जलप्रलय. लहान वर्गात ही गोष्ट सगळ्यात लाडकी आणि मोठ्या वर्गात सगळ्यात अवघड. तारू 300 हात लांब, 50 हात रुंद, 30 हात उंच. हात म्हणजे साधारण 45 सेंटिमीटर धरलं तर लांबी 135 मीटर होते. इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी 2014 मध्ये गणित केलं, तर एवढी लाकडी पेटी हजारो प्राण्यांचं वजन पेलून तरंगू शकते असं निघालं. हेही व्हॉट्सॲपवर "सिद्ध झालं" म्हणून आलं होतं. पण तरंगणं वेगळं आणि लाटांत टिकणं वेगळं. अमेरिकेत 1909 मध्ये बांधलेलं "वायोमिंग" हे जगातल्या सर्वांत मोठ्या लाकडी जहाजांपैकी एक. ते तारवापेक्षा लहानच होतं, आणि तरी त्याच्या फळ्या लाटांत वाकायच्या, सांध्यांतून पाणी आत यायचं, पंप सतत चालू ठेवावे लागायचे. 1924 मध्ये ते वादळात सगळ्या खलाशांसह बुडालं.

पाण्याचा हिशोब तर मुलं स्वतः करू शकतात, मी वर्गात फळ्यावर करून घेतो. एव्हरेस्टपर्यंत पाणी चढवायचं तर साडेचार अब्ज घन किलोमीटर जादा पाणी लागेल. आज सगळ्या महासागरांत मिळून त्याच्या एक तृतीयांशही नाही. हवेतली सगळी वाफ एकदम बरसली तर पृथ्वीभर अडीच सेंटिमीटर पाऊस होईल. ध्रुवांवरचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र सत्तरेक मीटर वर येईल. अंटार्क्टिकात खणून काढलेल्या बर्फात आठ लाख वर्षांचे थर ओळीने सापडले. अख्ख्या पृथ्वीवर पाणी उभं राहिलं असतं तर तो बर्फ तरंगून फुटून गेला असता. मी मुलांना सांगतो की पृथ्वीच्या खडकांत आणि बर्फात साऱ्या जगाला एकाच वेळी बुडवणाऱ्या पुराची खूण नाही. तैग्रिस आणि फरात नद्यांच्या खोऱ्यात मात्र मोठे पूर आल्याचे थर आहेत. त्या प्रदेशात पुराची आठवण किती खोल होती हे 1872 मध्ये जॉर्ज स्मिथ या अभ्यासकाने तिकडून ब्रिटिश म्युझियममध्ये आणलेल्या मातीच्या लिखित विटांवर वाचलं. त्यात एक माणूस, एक जहाज, प्राणी, शेवटी सोडलेले पक्षी, सगळं आहे. आणि तिथल्या पुराच्या दुसऱ्या एका कथेत देव माणसांवर चिडतात ते माणसांच्या गोंगाटाने झोप लागत नाही म्हणून. उत्पत्तीत देवाला दुःख होतं ते पृथ्वी जुलमाने भरली म्हणून. दोन्ही कथा मुलांसमोर शेजारी ठेवा. आठवीतली मुलंसुद्धा हा फरक स्वतः पकडतात, आणि मग कांगारू ऑस्ट्रेलियाहून कसे आले या प्रश्नापाशी ती अडून बसत नाहीत.

सगळा नोहा जसाच्या तसा मानणारे शिक्षक आपल्यात पुष्कळ आहेत, हे मला माहीत आहे. त्यांच्या श्रद्धेवर माझा आक्षेप नाही. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की "देवाने चमत्काराने पाणी आणलं आणि चमत्काराने नेलं, असा माझा विश्वास आहे" असं सरळ म्हणा. "विज्ञानाने सिद्ध केलं" असं म्हणू नका. यहोशवाच्या वेळी कोसळलेल्या यरीहोच्या भिंतींच्या गोष्टीचंही तेच. तिथे 1952 ते 1958 पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केनियन यांनी खोदकाम केलं आणि पडलेल्या भिंतींचा काळ यहोशवाच्या बराच आधीचा ठरवला. त्यावर वाद झाले, पण बहुतेक अभ्यासकांचं मत अजून त्यांच्याच बाजूने आहे. मुलाने विचारलं तर हे असंच सांगावं.

मग चमत्कार मानायचेच नाहीत का? मी मानतो. कसे मानतो, ते वर्गात एका छोट्या गोष्टीवरून सांगतो. दुसऱ्या राजांच्या सहाव्या अध्यायात अलीशा संदेष्ट्याचे शिष्य यार्देनेच्या काठी लाकडं तोडत असतात. एकाच्या कुऱ्हाडीचं पातं निसटून पाण्यात पडतं. तो ओरडतो, "अरेरे स्वामी, ती उसनी आणली होती!" अलीशा एक काठी तोडून तिथे टाकतो आणि लोखंड तरंगतं. मुलं लगेच म्हणतात, जहाज लोखंडाचं असून तरंगतं की! मग आर्किमिडीज येतो. जहाजाच्या पोटात हवा असते म्हणून त्याची सरासरी घनता पाण्याहून कमी. पातं भरीव, पाण्याच्या पावणेआठपट जड. ते तरंगत नाही, आजही नाही आणि अलीशाच्या काळातही नव्हतं. आणि तो शिष्य हे जाणतो, म्हणून तर ओरडतो. लोखंड बुडतं हे ज्याला माहीत नाही त्याला त्या गोष्टीत काही विशेष दिसणारच नाही. योसेफालाही मुलं कशी होतात हे माहीत होतं, म्हणून त्याने मरियेला गुपचूप सोडायचं ठरवलं. कबर रिकामी असल्याचं स्त्रियांनी सांगितलं तेव्हा प्रेषितांना ती वायफळ बडबड वाटली, हे लूकने चोविसाव्या अध्यायात लिहून ठेवलं आहे. चमत्कार सांगणारे लोक भोळे होते, त्यांना निसर्गाचे नियम कळत नव्हते, हे खरं नाही. नियम कळत होते म्हणूनच ते थक्क झाले. विज्ञान सांगतं की लोखंड नेहमी काय करतं. एकदा, एका गरिबाच्या उसन्या कुऱ्हाडीसाठी, देवाने वेगळं केलं का, हे प्रयोगशाळेत परत करून पाहता येत नाही. तिथे माझा विश्वास बोलतो, आणि तो विश्वास आहे असंच मी मुलांना सांगतो.

सगळ्या गोष्टींचं वजनही सारखं नाही. लोखंड तरंगलं नाही असं उद्या ठरलं तरी माझं तारण कुठे जात नाही. पण ख्रिस्त उठला नाही तर आमची घोषणा व्यर्थ, असं पौलाने करिंथच्या मंडळीला स्वच्छ लिहिलं. त्याच पत्रात तो पाचशेहून अधिक बंधूंनी उठलेल्या ख्रिस्ताला पाहिल्याचं सांगतो आणि त्यातले बहुतेक अजून हयात आहेत असं जोडतो. म्हणजे ऐकणाऱ्याला विचारपूस करायची वाट मोकळी ठेवतो. मोठ्या मुलांशी बोलायला वेळ कमी असेल तर तो इथे खर्च करा.

माशाने गिळलेल्या योनाकडे येतो, कारण यंदाही बहुतेक ठिकाणी चार्टवर मासा रंगवला जाईल. माशाच्या पोटात हवा नसते, आम्ल असतं, तीन दिवस तिथे माणूस आपोआप जगत नाही. 2021 मध्ये अमेरिकेच्या केप कॉडजवळ एका पाणबुड्याला देवमाशाने तोंडात घेतलं आणि अर्ध्याएक मिनिटात बाहेर टाकलं, ही बातमी खरी आहे, पण त्याने योनाचे तीन दिवस सिद्ध होत नाहीत. ही घडलेली घटना की बोधकथा, यावर विश्वासणाऱ्या अभ्यासकांत मतभेद आहेत. प्रभूने आपल्या मरणाशी योनाची तुलना केली म्हणून पुष्कळ जण ती घटनाच मानतात. पण योनाच्या पुस्तकात 48 वचनं आहेत आणि मासा त्यातल्या तीनच वचनांत येतो. उरलेलं पुस्तक निनवेचं आहे. आजच्या इराकमध्ये मोसूल शहराला लागून त्या निनवेचे अवशेष आहेत. योनाच्या लोकांचा छळ करणाऱ्या साम्राज्याची ती नगरी. तिथले लोक पश्चात्ताप करतात आणि देव त्यांना क्षमा करतो म्हणून योना रुसून बसतो. पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपतं की एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांची आणि पुष्कळ गुराढोरांची मी कीव करू नये का? योनाचं उत्तर लिहिलेलंच नाही. आपली मुलं शाळेत, गल्लीत ज्यांच्याशी भांडून येतात, ज्यांच्याबद्दल घरी वाईट ऐकतात, त्यांच्यासमोर हा प्रश्न ठेवून बघा. मासा पटेल की नाही याची काळजी उरणार नाही.

एका बाबतीत मात्र मला कडक बोलायचं आहे, कारण तिथे जिवाशी गाठ असते. प्रभूने आजारी बरे केले असं आपण शिकवतो. मग मूल विचारतं की आजीच्या क्षयाच्या गोळ्या बंद करायच्या का, चंगाईच्या सभेत तसं सांगितलं. अशा वेळी घुटमळू नका. गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत आणि प्रार्थनाही सोडायची नाही, हे स्पष्ट सांगा. त्या नासाच्या मेसेजमधली चाळीस मिनिटं ज्या अध्यायातली आहेत, तो दुसऱ्या राजांचा विसावा अध्याय काढा. हिज्कीया राजा मरायला टेकला होता, त्याने रडून प्रार्थना केली, देवाने आयुष्याची पंधरा वर्षं वाढवली. आणि त्याच अध्यायात यशया संदेष्टा सांगतो की अंजिरांची ढेप आणा आणि गळूवर बांधा. सावली मागे जाणारा चमत्कार आणि पोटीस, एकाच पानावर. मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये मिशनचं हॉस्पिटल उभारलं, तेव्हापासून मराठी ख्रिस्ती घरांतल्या किती मुली तिथे परिचारिका झाल्या! शस्त्रक्रियेआधी प्रार्थना करणारे डॉक्टर आपल्या लोकांनी पाहिले आहेत. चमत्कार आणि औषध यांना एकमेकांसमोर उभं करणं ही आपल्या मंडळ्यांची परंपरा नाही.

शंकांना घाबरू नका, असं मी म्हणतो तेव्हा काही शिक्षक म्हणतात की आजकाल मुलांना शाळेतच हे शिकवतात. बरोबर आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते शाळेत येतात, मंत्राने आग पेटवून दाखवतात आणि मग सांगतात की ते पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीन होतं. मुलांनी ते बघावं. बुवाबाजीविरुद्ध राज्यात 2013 पासून कायदा आहे आणि त्याची गरज आपल्याही समाजाला आहे. बाहेरचे प्रश्नही नवे नाहीत. 1857 मध्ये हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी आठवड्यामागून आठवडे उघड वाद घालत होते आणि लोक गर्दी करून ऐकत होते. त्या वादातून मराठी ख्रिस्ती मंडळी संपली नाही. प्रभू उठला हे ऐकून शिष्य थोमाने त्याच्या जखमांना हात लावल्याशिवाय मानणार नाही म्हटलं, तर प्रभूने त्याला घालवून दिलं नाही, हात पुढे कर म्हटलं.

तयारीच्या बैठकीत एक तास यासाठी राखून ठेवा, ही शेवटची विनंती. कुठलाही "पुरावा" वर्गात न्यायच्या आधी तीन गोष्टी विचारा: हे कोणी म्हटलं, कधी म्हटलं, आणि त्यांनी स्वतः नेमकं काय म्हटलं. उत्तर मिळालं नाही तर तो पुरावा वगळा, धडा त्याच्याशिवाय उभा राहतो. वर्गात एक वही ठेवा आणि ज्या प्रश्नाचं उत्तर येत नाही तो मुलासमोर तिच्यात लिहा, त्याचं नाव आणि तारीख घालून. पुढच्या रविवारी त्या प्रश्नाकडे परत या, उत्तर अर्धं असलं तरी. पाळकसाहेबांना विचारा, मंडळीतल्या डॉक्टरांना, इंजिनिअरांना, नर्सताईंना विचारा. पवित्र शास्त्राच्या पानावर अडलात तर ते जाणणाऱ्याकडे जा, विज्ञानाच्या गणितावर अडलात तर माझ्यासारख्या कोणाकडेही या. मी माझ्या वर्गाची वही घेऊन बसायला तयार आहे. तिच्यात पहिल्याच पानावर त्या नववीतल्या मुलाचा प्रश्न आहे, आणि त्याच्या खाली अजून पुष्कळ जागा लागणार आहे.

प्रभूच्या सेवेत तुमचा,
मोठ्या मुलांच्या वर्गाचा एक शिक्षक